लढाई रंगवणारा कुठे उभा होता?

जुन्या युरोपातल्या लढाईचं चित्र समोर आलं की आपण क्षणभर बघतो आणि पुढे जातो. घोडे, धूर, भाले, पडलेली माणसं. एक पाहिलं की सगळी पाहिल्यासारखी वाटतात. मलाही तसंच वाटायचं. मग एक सवय लागली आणि ही चित्रं एकदम बोलायला लागली. सवय साधी आहे. चित्रासमोर उभं राहिलं की आधी विचारायचं, हे काढणारा माणूस कुठे उभा आहे? घोड्याच्या पोटाच्या उंचीवर, धुळीत? लांबच्या टेकडीवर? की कुणा राजाच्या पाठीमागे? सतराव्या शतकातल्या फ्लेमिश चित्रकारांच्या बाबतीत या एका प्रश्नाचं उत्तर पिढीगणिक बदलत जातं, आणि त्या उत्तरामागे सगळा इतिहास उभा असतो.

आधी फ्लेमिश म्हणजे कोण ते बघू. सोळाव्या शतकात आजचे बेल्जियम आणि नेदरलँड्स मिळून स्पेनच्या राजाच्या ताब्यात होते. 1568 पासून तिथे बंड पेटलं. ते मिटायला 1648 उजाडलं. मध्ये 1609 ते 1621 अशी बारा वर्षांची शस्त्रसंधी सोडली, तर ऐंशी वर्षं लढाई चालूच होती. उत्तरेकडचे प्रांत सुटले आणि त्यांचं डच प्रजासत्ताक झालं. दक्षिणेकडचे स्पेनकडेच राहिले. या दक्षिण भागातले, मुख्यतः अँटवर्प आणि ब्रुसेल्सचे चित्रकार म्हणजे आपले फ्लेमिश चित्रकार. लढाईचं चित्र हा स्वतंत्र धंदा म्हणून याच मातीत रुजला, यात नवल नाही. तीन-चार पिढ्यांनी तोफेचा आवाज लहानपणापासून ऐकला होता.

अर्थात लढाईची चित्रं त्याआधीही होती. पण ती बहुधा राजवाड्यासाठी विणलेल्या भल्यामोठ्या भिंतपडद्यांवर असत. सम्राट पाचव्या चार्ल्सने 1535 मध्ये ट्युनिसवर स्वारी केली तेव्हा यान फर्मेयन नावाच्या चित्रकाराला बरोबर नेलं होतं. त्याच्या आराखड्यांवरून पुढे ब्रुसेल्समध्ये बारा पडदे विणले गेले, आणि त्यातला पहिला पडदा म्हणजे चक्क नकाशा. असले पडदे राजालाच परवडायचे. अँटवर्पच्या व्यापाऱ्याला, वकिलाला दिवाणखान्यात टांगता येईल असं लढाईचं चित्र हवं होतं, आणि ते त्याला मिळवून दिलं सेबास्तियान व्रांक्सने.

व्रांक्सचा जन्म 1573 चा, अँटवर्पमधला. त्याच्या लहानपणाच्या दोन तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. 1575 मध्ये स्पेनच्या खजिन्याचं दिवाळं वाजलं आणि सैन्याचा पगार थकला. 4 नोव्हेंबर 1576 ला बिनपगारी सैनिक अँटवर्पवर तुटून पडले. तीन दिवस लूट चालली, हजारो माणसं मेली, नवंकोरं नगरगृह जळालं. व्रांक्स तेव्हा तीन वर्षांचा होता. पुढे 1584-85 मध्ये त्याच शहराला वर्षभर वेढा पडला. स्पेनचा सेनापती, पार्माचा अलेस्सांद्रो फार्नेसे याने शेल्ड नदीवर पूल बांधून शहराची रसद तोडली आणि अँटवर्प शरण आलं. प्रॉटेस्टंट रहिवाशांना चार वर्षांच्या आत शहर सोडायची मुभा मिळाली. लोकसंख्या साधारण निम्म्यावर आली. तेव्हा पोरगा बारा वर्षांचा होता. ज्या गल्लीत तो खेळला असेल तिथली किती दारं बंद झाली असतील, याचा अंदाज आपण करू शकतो.

मोठेपणी तो इटलीला जाऊन आला, 1600 मध्ये अँटवर्पच्या चित्रकारांच्या संघात दाखल झाला आणि लढाया रंगवू लागला. तो नुसता चित्रकार नव्हता. शहराच्या नगररक्षक दलात तो कप्तानपदापर्यंत पोचला, नाटकं-कविता करणाऱ्या मंडळातही होता. म्हणजे बंदूक कशी धरतात, खोगिराचा पट्टा कुठे आवळतात, हे त्याला माहीत होतं, आणि गोष्ट रंगवून कशी सांगायची हेही.

गोष्ट कशी सांगायची म्हणजे काय, ते त्याच्या सगळ्यात गाजलेल्या विषयावरून कळतं. 5 फेब्रुवारी 1600. डेन बॉश शहराजवळची फुख्तची उजाड माळरानं. दोन्ही बाजूंनी बावीस-बावीस घोडेस्वार, ठरवून, वेळ ठरवून समोरासमोर आले. डचांच्या बाजूने नॉर्मंडीचा एक फ्रेंच सरदार, ब्रेओते. स्पेनच्या बाजूने स्थानिक लेफ्टनंट, ज्याला सगळे ‘लेकरबेट्ये’ म्हणत. अर्थ ‘चविष्ट घास’. भांडण मानापमानाचं होतं, युद्धाच्या निकालाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. लेकरबेट्ये सुरुवातीलाच पडला, तरीही त्याचीच बाजू जिंकली. ब्रेओते पकडला गेला आणि शरण आल्यावर मारला गेला. या चव्वेचाळीस स्वारांच्या झटापटीने लोकांना वेड लावलं. व्रांक्सने ती पुन्हा पुन्हा रंगवली, इतरांनीही रंगवली.

आता अशा चित्राच्या जवळ जाऊ. पहिली गोष्ट, क्षितिजरेषा. ती चित्रात किती वर आहे यावरून चित्रकाराचा डोळा किती उंच आहे ते कळतं. व्रांक्सची क्षितिजरेषा सहसा फार उंच जात नाही. एखाद्या उंचवट्यावरून पाहावं तसं तो बघतो आणि माणसं-घोडे त्याच्या अगदी पुढ्यात असतात. दुसरी गोष्ट, शेला. त्या काळी सैन्याला एकसारखा गणवेश नव्हता. धुरात आपला कोण आणि परका कोण हे ओळखायला खांद्यावरून तिरपा किंवा कमरेला बांधलेला रंगीत शेला असे. स्पेन आणि जर्मन मुलखाच्या (पवित्र रोमन) सम्राटाच्या माणसांचा लाल, डचांचा नारिंगी, फ्रेंचांचा पांढरा. एवढं कळलं की गोंधळासारखं दिसणारं चित्र दोन बाजूंत वाटलं जातं आणि वाचता येतं. स्पॅनिश निशाणही ओळखायला सोपं आहे. पांढऱ्यावर लाल फुली, आणि तिच्या दांड्या सरळ नसतात, छाटलेल्या फांद्यांसारख्या खडबडीत असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे पिस्तुल धरणारा हात. अंतर बघा. दोन स्वार इतके जवळ असतात की एकाच्या पिस्तुलाची नळी दुसऱ्याच्या छातीला टेकायला आलेली असते. हे नाटकीपणासाठी केलेलं नाही. त्या काळच्या पिस्तुलाला नेम असा फारसा नव्हता आणि समोरच्याच्या अंगावर पोलादी चिलखत असे. लांबून उडवलेली गोळी वाया जायची. म्हणून स्वार अगदी भिडेपर्यंत थांबायचा. व्रांक्सला हे ठाऊक होतं, आणि त्याच्या चित्रातली सगळी भीती त्या हातभर अंतरात भरलेली आहे.

पण माझ्या मते व्रांक्सचं खरं मोठेपण या द्वंद्वात नाही. ते आहे त्याने रंगवलेल्या लुटलेल्या गावांत. डचमध्ये या विषयाला शब्दच पडला होता, ‘बूरेनफरद्रीत’, शेतकऱ्याचं दुःख. पगार वेळेवर नाही, रसद नाही, मग सैन्य गावावर जगायचं. गावाने आगाऊ खंडणी भरली नाही तर जाळपोळ व्हायची, आणि या खंडणीच्या डच नावातच आग होती. आज दोस्ताचं सैन्य, उद्या शत्रूचं. रयतेला दोन्ही सारखीच. अँटवर्पच्या शेजारच्या वॉमेलगेम गावाच्या लुटीचं व्रांक्सचं चित्र डसेलडॉर्फच्या कुन्स्टपालास्ट संग्रहालयात आहे. इथे शौर्य नावालाही नाही. गावातल्या माणसांची घरं, गुरं, अंगावरचे कपडे हाच तिथला विषय. मालवाहू गाड्यांच्या तांड्यावर पडलेले दरोडे हाही त्याचा आवडता विषय होता, आणि त्यात कधी कधी झाडं-रस्ता-आकाश थोरला यान ब्रूगेल रंगवायचा आणि माणसं-घोडे व्रांक्स. अँटवर्पमध्ये अशी वाटणी सर्रास चालायची. फुलांचा एक, जनावरांचा एक, निसर्गाचा एक. ज्याचा हात ज्यात बसला त्याने ते करायचं.

शेतकऱ्याच्या दुःखावर चित्रं काढणारा तो एकटा नव्हता. मेखेलेनमध्ये जन्मलेला आणि ॲमस्टरडॅमला स्थायिक झालेला डाव्हिड विंकबोन्स याने तर जोडचित्रं केली. एकात सैनिक शेतकऱ्याच्या घरात घुसून बसलेत, दुसऱ्यात शेतकरी त्यांना हाकलून देतायत. ही जोडी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. दुसरं चित्र बघताना मनातून बरं वाटतं, आणि तेव्हाच्या गिऱ्हाइकालाही तसंच वाटत असणार.

व्रांक्सचा शिष्य पीटर स्नायर्स. जन्म 1592, अँटवर्प. सुरुवातीला तो गुरूसारखीच चित्रं काढायचा. मग 1628 च्या सुमारास तो ब्रुसेल्सला गेला, दरबाराचा चित्रकार झाला, आणि त्याचा डोळा एकदम वर गेला. का गेला, हे समजायला थोडं किल्ल्यांबद्दल बोलावं लागेल.

तोफा सुधारल्या तशा उंच, सरळ दगडी भिंती निरुपयोगी झाल्या. गोळा बसला की ढासळायच्या. मग इटलीतून नवी पद्धत आली आणि नेदरलँड्समध्ये ती मातीत उतरली. बुटका, जाड, मातीचा उतरता तट, समोर रुंद पाण्याचा खंदक, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले बुरूज, म्हणजे एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्याशी मारा करता येईल. वरून पाहिलं तर शहर चांदणीसारखं दिसतं. असा किल्ला हल्ला करून सहज पडत नाही. त्याला उपाशी मारावं लागतं. वेढा घालणारं सैन्य शहराभोवती मातीच्या तटांची एक कडी घालतं, तिचं तोंड शहराकडे. मग तिच्या बाहेर दुसरी कडी, तिचं तोंड बाहेर, कारण शहराला सोडवायला कुमक येणारच. या दोन कड्यांच्या मध्ये हजारो माणसं महिनोन्महिने राहतात. सैनिक, घोडे, भटारी, पोरंबाळं, बुणगे. चालतं-बोलतं शहरच ते.

आता सांगा, हे घोड्याच्या पोटाच्या उंचीवरून कसं रंगवायचं? समोर दिसेल ते फक्त मातीचा ढिगारा आणि चार कंटाळलेली माणसं. वेढ्याची खरी गोष्ट आहे ती त्या कड्यांच्या आकारात, आणि आकार फक्त वरून दिसतो. तेव्हा तर विमानं नव्हती, फुगेही नव्हते. होते ते नकाशे.

ब्रेडाचा वेढा घ्या. स्पेनचा सेनापती स्पिनोला याने ऑगस्ट 1624 मध्ये शहराला कड्या घातल्या आणि जून 1625 मध्ये ते शरण आलं. नऊ महिने. ब्रुसेल्सहून राज्य करणाऱ्या इसाबेलाने, म्हणजे स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या मुलीने, लोरेनच्या झाक कालो या कोरीवकाराकडून या वेढ्याचा सहा तावांचा प्रचंड नकाशा करवून घेतला. तो 1628 मध्ये निघाला. स्नायर्सने तो समोर ठेवला आणि त्याला रंग दिले, हवा दिली, अंतर दिलं. त्याचं ब्रेडाचं एक मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. समोरच्या उंचवट्यावर इसाबेला आणि तिचा लवाजमा, आणि त्यांच्या मागे जमीन उचलून भिंतीला टेकवावी तशी वर वर चढत जाते. खंदक, छावण्या, पाण्याने भरलेली शेतं, मधोमध शहर, आणि पार वर पातळशी आकाशाची पट्टी. त्याच वेढ्याच्या शेवटावर स्पेनचा चित्रकार वेलास्केस याने 1634-35 मध्ये आपलं जगप्रसिद्ध चित्र काढलं, शहराच्या चाव्या हाती देतानाचं. दोन माणसांचा एक क्षण, बस्स. ते अर्थातच महान आहे. पण नऊ महिने काय चाललं होतं हे समजून घ्यायचं तर मी स्नायर्सकडे जाईन.

स्नायर्सची युक्ती नीट बघितली की मजा येते. त्याच्या एका चित्रात खरं तर दोन चित्रं सांधलेली असतात. खालचा पट्टा आपल्या डोळ्याच्या उंचीवरचा. झाड, सामानाच्या गाड्या, शेकोटीभोवतीचे सैनिक, घोड्यावरचा सेनापती. वरचा भाग नकाशाचा, जणू पक्ष्याने पाहिलेला. हे दोन तुकडे जुळावेत म्हणून तो मध्ये टेकडी घालतो. आपण समोरच्या माणसांबरोबर त्या टेकडीवर उभे आहोत असं वाटतं, आणि तिथून खाली बघताना नकाशा हेच निसर्गचित्र होऊन जातं. बऱ्याचदा टेकडी प्रत्यक्षात नसतेच. तो भाग तर तव्यासारखा सपाट. काही चित्रांत एका बाजूला मजकुराची पाटीही असते, काय कुठे घडलं ते सांगणारी. सेनापतीला ते हवंच असायचं, कारण हे चित्र त्याच्या कामगिरीचा दाखलाही होतं.

असा एक सेनापती म्हणजे ओत्ताव्यो पिक्कोलोमिनी. सिएनाच्या घराण्यातला, सम्राटाच्या सैन्यात मोठा झाला. 1639 मध्ये थिओनव्हिलला त्याने फ्रेंचांचा पराभव केला आणि नंतरच्या वर्षांत स्नायर्सकडून आपल्या मोहिमांची बारा मोठी चित्रं करवून घेतली. ती आज व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात आहेत. त्यात 1632 ची, जर्मनीतली ल्युट्झनची लढाई आहे, जिच्यात स्वीडनचा राजा गुस्ताव्ह आडोल्फ मारला गेला. त्या दिवशी रणांगणावर दाट धुकं होतं, आणि त्यात दारूचा धूर मिसळला. तिथे हजर असलेल्या कुणालाही पूर्ण लढाई दिसलेली नाही. स्नायर्स तिथे नव्हताच. त्याने आराखडे आणि वृत्तांत यांवरून, कार्यशाळेत बसून, कुणीच न पाहिलेलं दृश्य रचलं. हे खोटं आहे का? मला तसं वाटत नाही. कुठली पलटण कुठे उभी होती हे त्याने सेनापतीच्या कागदांवरून घेतलंय. पण ज्या उंचीवरून ते दिसतंय ती उंची सेनापतीची आहे. तिथून माणूस मुंगीएवढा दिसतो आणि त्याचा चेहरा दिसत नाही.

तरीही स्नायर्सला मी मानतो, ते खालच्या पट्ट्यासाठी. वर नकाशाची शिस्त पाळली की खाली त्याचा हात मोकळा सुटतो. महत्त्वाची लढाई मागे कुठे तरी चाललेली असते, आणि पुढे दमलेली, बसलेली, आपापल्या कामात गुंतलेली माणसं असतात. व्रांक्सच्या शिष्याने गुरूची जमीन पुरती सोडली नव्हती.

या काळात बाकीचेही बरेच जण हा धंदा करत होते. अँटवर्पचा पेटर म्युलेनर घोडदळाच्या चकमकी काढायचा. कॉर्नेलिस दे वाल जेनोव्हाला जाऊन राहिला आणि तिथे लढायांबरोबर गलबतंही रंगवू लागला. रॉबर्ट फान डेन हूके हा तर स्वतः फ्लँडर्समधल्या तटबंदीचा सरकारी अधिकारी होता, तेव्हा त्याच्या छोट्या छोट्या छावणीचित्रांना आतल्या माणसाची नजर आहे.

तिसरी पिढी म्हणजे आदाम फ्रान्स फान डर मुलेन. जन्म 1632, ब्रुसेल्स, स्नायर्सचा शिष्य. 1664 च्या सुमारास त्याला पॅरिसहून बोलावणं आलं. फ्रान्सचा राजा चौदावा लुई तेव्हा तरुण होता, लढायांच्या तयारीत होता, आणि त्याला त्या लढाया जगाला दाखवायच्या होत्या. राजाचा मुख्य चित्रकार शार्ल ल ब्रँ पॅरिसमधल्या गोबलँ या सरकारी विणकाम-कारखान्यात ‘राजाचा इतिहास’ नावाचे भिंतपडदे विणवून घेत होता. माणसं ल ब्रँला यायची. गावं, जमीन, सैन्याची हालचाल यासाठी त्याला फ्लेमिश हात हवा होता.

आता चित्रकार राजाच्या मोहिमेबरोबर जाऊ लागला. फान डर मुलेन जागेवर बसून शहरांची लांबलचक दृश्यं कागदावर उतरवायचा. चर्चचे मनोरे, तट, नदीचं वळण. त्यातली पुष्कळशी रेखाटनं आजही पॅरिसच्या मोबिलिये नास्योनाल या सरकारी संग्रहात जपून ठेवली आहेत, आणि मला ती त्याच्या रंगवलेल्या चित्रांहून जास्त आवडतात. त्यांत राजा नाही. नुसतं शहर आहे, सकाळच्या उजेडात, अजून काहीच झालं नाही असं. मग कार्यशाळेत त्याच शहरासमोर टेकडी यायची, टेकडीवर राजा आणि त्याचे सरदार. 12 जून 1672 ला फ्रेंच सैन्य लोबिथजवळ ऱ्हाइन नदीत उतरून पलीकडे गेलं, तो प्रसंगही त्याने असाच रंगवला. खाली पाण्यात घोडे पोहतायत, वर राजा पाहतोय. आपण राजाच्या मागे उभे आहोत.

त्याच्या चित्रांत आकाश सुंदर आहे, घोडे तर अप्रतिम. लुटलेलं गाव मात्र शोधावं लागतं. व्रांक्सचा शेतकरी दोन पिढ्यांत चित्रातून निघून गेला.

आणि एक गोष्ट मला बोचते. 1667 मध्ये लुईने जी शहरं घेतली, तुर्ने, दुए, कोर्त्रिक, औदेनार्दे, लील, ती स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँड्समधलीच होती. ब्रुसेल्समध्ये वाढलेल्या माणसाने आपल्याच मुलखातली शहरं पडताना रंगवली, जिंकणाऱ्याच्या बाजूला उभं राहून. त्याला काय वाटलं असेल, हे त्याच्या चित्रांतून कळत नाही. 1673 मध्ये तो फ्रान्सच्या राजेशाही कला अकादमीचा सदस्य झाला. मार्लीच्या राजवाड्यासाठी त्याने राजाच्या विजयांची चित्रं केली. 1690 मध्ये पॅरिसमध्येच त्याचं निधन झालं. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या झाँ-बाप्तिस्त मार्ताँला लोक पुढे ‘लढायांचा मार्ताँ’ असंच म्हणू लागले.

पाच वर्षांनी, 13 ते 15 ऑगस्ट 1695, त्याच लुईच्या सैन्याने ब्रुसेल्सबाहेरच्या उंचवट्यावर तोफा मांडल्या. गोळे आणि पेटते बाँब शहराच्या मध्यावर पडत राहिले. चार हजारांच्या आसपास इमारती गेल्या. मोठ्या चौकाभोवतीच्या घरांची राख झाली. नगरगृहात टांगलेली रोजिए फान डर वेडेनची न्यायदानाची चित्रं, अडीचशे वर्षं जपलेली, जळून गेली.

आग विझल्यावर ऑगुस्तिन कोपेन्स नावाचा ब्रुसेल्सचा तरुण चित्रकार बाहेर पडला. वय सत्तावीस. टेकडी नाही, राजा नाही. छप्पर नसलेल्या भिंती, रिकाम्या खिडक्या, दगडांच्या ढिगाऱ्यातून वाट काढणारी माणसं त्याने एक एक करून रेखाटली, आणि त्यांची बारा कोरीव चित्रं त्याच वर्षी छापली गेली. तो गल्लीत, जमिनीवर उभा होता.